शब्द दिला की उतरणारी पाटी

या मित्रांनो, जरा पुढे सरून बसा. मागे दाराशी कोण उभं आहे? तुम्हीही या, बाळांनो, दाटीवाटीने बसलं की सगळे मावतात. आज तुम्हाला एका घराची गोष्ट सांगणार आहे. ते घर एका मायलेकींच्या हाती आलं होतं आणि ओंजळीतल्या पाण्यासारखं निसटायला लागलं होतं. मी तिथेच होते, म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगते. पदरचं काही घालत नाही.

मी एक जुनी पाटी आहे. लाकडाची, हातभर लांब, कडेला थोडी उललेली. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, 'हे घर विकणे आहे', आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'आत चौकशी करावी.' जन्मभर मी दुसऱ्यांच्या दारावर टांगून राहिले. कुणाच्या लोखंडी फाटकावर, कुणाच्या खिडकीच्या गजावर, कुणाच्या भिंतीतल्या खिळ्यावर.

त्याआधी मी काचसामानाच्या एका खोक्याची फळी होते. खोकं रिकामं झाल्यावर सुताराने मला सोडवलं, रंधा मारला, वरच्या कडेला दोन भोकं पाडली आणि पेंटरच्या हवाली केलं. तो पेंटर अक्षर काढताना जिभेचं टोक बाहेर काढायचा. 'विकणे' मधला 'ण' त्याने इतक्या मायेने वळवला की स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. "जमलाय," म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मला करून घेतलं होतं दलालकाकांनी. घरांची खरेदी-विक्री जुळवून देणं हा त्यांचा धंदा. दलाल म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, पण काका देवाला भिऊन वागणारे होते. त्यांची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे.

घर बघायला माणसं येत. नळ सोडून बघत, भिंतीवर टकटक करत, कपाटाची दारं उगाच उघडून मिटत. एखाद्याशी भाव ठरायचा, घरमालक 'दिलं' म्हणायचा. मग काका घेणाऱ्याला हाताला धरून दारापाशी आणत आणि म्हणत, "आता ही पाटी तुम्ही उतरवा. तुमच्या हाताने. आणि घरी घेऊन जा. पक्के कागद होईपर्यंत ती तुमच्यापाशी राहील."

"आम्ही काय करायचं तिचं?" लोक हसून विचारत.

"काही करू नका, जपून ठेवा. ठरल्यावरही पाटी दारावर राहिली की येणारा-जाणारा बेल वाजवतो. बेल वाजली की मालकाचं मन चळतं. माणसाचं मन आहे हो, चळायला कितीसं लागतं? म्हणून पाटीच तिथे ठेवायची नाही."

अशी मी घरोघरी राहून आले. एका नव्या नवरीने मला कपड्यांच्या कपाटात साड्यांमध्ये ठेवलं. एक मास्तर तर मला उशाशी घेऊन झोपत. कागद झाले की माणसं मला परत आणून देत, सोबत काहीतरी गोडधोड. "तुमची पाटी चांगल्या पायगुणाची आहे," असं म्हणत. मला मोठी धन्यता वाटे. वाटे, देवाने मला राखण करायलाच जन्माला घातलं आहे.

पुढे दिवस पालटले. काकांचे गुडघे थकले आणि दुकान त्यांच्या लेकीने हाती घेतलं. लेक हुशार, मनाने चांगली, पण तिचं काम सगळं फोनवर. घराचे फोटो काढायचे, फोनवर चढवायचे, लोक घरबसल्या बघणार. माझी गरज उरली नाही. आधी मी कपाटामागे गेले. नंतर कुणीतरी मला बाहेर काढून टेबलावर पालथी घातली आणि माझ्या पाठीवर चहाची गरम किटली ठेवू लागले. तिथे एक काळं वर्तुळ उमटलं, ते अजून आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून काका ते पाहत.

आणि मग एके दिवशी दुकानात टपालमामा आले.

जन्मभर घरोघर टपाल वाटलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना टपालमामा म्हणायची. बायको देवाघरी गेलेली, मुलगी दुसऱ्या गावी. "बाबा, एकटे किती दिवस राहणार? घर विका आणि इकडे या," असा तिचा धोशा होता. मामांचं घर लहानसं. तीन खोल्या, पुढे फरसबंदी अंगण, अंगणात लिंबाचं झाड. रस्त्यावरून थेट अंगणात आणि अंगणातून थेट घरात, मध्ये एकही पायरी नाही.

काकांची लेक फोटो काढून आली आणि तिने ते फोनवर चढवले. मामा मान हलवत म्हणाले, "ते असू दे गं. पण रस्त्याने जाणाऱ्याला कसं कळायचं? पाटी नाही का तुमच्याकडे?"

काका खुर्चीतून असे उठले की जणू कुणी त्यांच्या नावाचा पुकारा केला. त्यांनी किटली उचलून लेकीच्या हातात दिली, मला रुमालाने पुसलं आणि स्वतः चालत जाऊन मामांच्या फाटकावर टांगलं. मित्रांनो, इतक्या दिवसांनी अंगाला वारा लागला. मला रडायला आलं असतं, पण लाकडाला डोळे कुठले?

टपालमामांचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला 'नाही' म्हणायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दारात उन्हातान्हात उभं राहण्यात गेलेलं. त्यामुळे आपल्या दारात आलेल्याला ते आत घेत, चहा पाजत, घर दाखवत, आणि निघताना 'बघतो हं' म्हणत. त्या 'बघतो'चा अर्थ ज्याला जसा हवा तसा तो लावून घेई.

मी फाटकावर टांगून होते तेव्हाच ती आली. गल्लीच्या टोकाला चष्मे दुरुस्त करणारी एक बाई बसत असे, भिंतीत बसवलेल्या कपाटाएवढ्या टपरीत. लोक तिला चष्मेवाली म्हणत. चष्म्याच्या दांडीचा मुंगीएवढा स्क्रू बसवताना ती श्वाससुद्धा बेताने घेई. ती फाटकाशी थांबली, मला वाचलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल? मी एका बाजूला कलले होते, तर तिने मला सरळ केलं. मग बेल वाजवली.

तिने घर पाहिलं, पण नळ सोडला नाही की भिंत ठोकली नाही. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत पाय न उचलता, जमिनीवर घासत चालत गेली आणि तशीच परत आली.

"हे काय गं?" मामांनी विचारलं.

"माझी आई अशी चालते, मामा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलेलीच नाही. जग बघते ते खिडकीतून, वरून. माणसांच्या नुसत्या टाळू दिसतात, चेहरे दिसत नाहीत, म्हणते."

मामांनी तिला खुर्ची दिली. मग आतून चहा आणला. चहा संपेपर्यंत भावही ठरला होता. "दिलं," मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकांना बोलावणं गेलं. काका आले ते ताठ मानेने. चष्मेवालीने हळूच विचारलं, "काका, काही लिहून घ्यायचं का? बँकेने कर्जाला होकार दिलाय, वकीलबाईंशीही बोलून ठेवलंय. राग मानू नका, पण याआधी दोनदा आमचं असंच ठरलं होतं. दोन्ही वेळेला 'दिलं' म्हणाले आणि मग जास्त भाव देणारा आला. आईने पडद्याचं कापडसुद्धा आणवलं होतं."

काकांना ते लागलं. "पोरी, कागदाचं काय, कागद सावकाश होईल. माझ्या हातची पाटी नेलेल्या माणसाचं घर आजवर गेलेलं नाही. काढ ती. आपल्या हाताने काढ."

तिला भीड पडली. मोठ्या माणसाला दुखवायचं कसं? तिने बटव्यातून बारकी पकड काढली, माझी तार सोडवली, आणि मला ओढणीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. आणि मी, मित्रांनो, मी तर मनात म्हणत होते, घाबरू नकोस, मी आहे.

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली मला अजून दिसते. खिडकीशी एक पलंग, पलंगावर आई, हातात जपमाळ. मला बघून ती म्हणाली, "अगंबाई, घर आणायला गेलीस आणि फळकूट घेऊन आलीस?"

"ही आहे तोवर घर आपलं, असं काका म्हणाले."

"मग इथे ठेव. माझ्याजवळ."

मला पलंगाच्या उशाशी भिंतीला टेकवलं. सकाळी जप झाला की आई माझ्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "काय पाटीबाई, काय म्हणतंय आपलं अंगण?" कधी माझ्या कडेवर रुमाल वाळत घाली. लिंबाच्या झाडाखाली खुर्ची कुठे ठेवायची ते बोटाने हवेत दाखवी. "फार बुंध्याशी नको. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत." एकदा तिने लेकीकडून नव्या चपला आणवल्या. त्या पलंगाखाली कोऱ्याच्या कोऱ्या पडून होत्या. लेक म्हणाली, "एवढी घाई कशाला गं आई?" तर म्हातारी म्हणते कशी, "देवाने हाक मारली आणि मी अनवाणी सापडले तर?"

चष्मेवालीही स्वस्थ बसली नव्हती. बँकेत खेपा घालत होती. ओल बघायला एक जाणकार माणूस नेऊन आणला. अधूनमधून मामांकडे जाऊन बसे, त्यांच्या चष्म्याची ढिली दांडी घट्ट करून देई आणि कुठवर आलं ते सांगे. सगळं ठीक चाललं होतं.

आणि एका दुपारी फोन वाजला. घरी आणलेल्या एका चष्म्यात तिचे हात गुंतले होते, म्हणून तिने फोन पलंगावर ठेवून आवाज मोठा केला. मामा होते.

"पोरी, रागावणार नाहीस ना?"

तिच्या हातातला स्क्रू निसटला आणि कुठे गेला ते कळलं नाही.

"एक साहेब येऊन गेले गं. निळी गाडी आहे त्यांची. दोनदा आले. भाव बराच जास्त सांगतायत. माझी लेक म्हणते, बाबा, विचार करा."

"तुम्ही हो म्हणालात, मामा?"

"छे छे! हो नाही म्हटलं."

"मग नाही म्हणालात?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "बघतो म्हटलं. आज ते पुन्हा येणारेत."

फोन बंद झाला. चष्मेवाली जमिनीवर बसली. रडली नाही, नुसतं बोटाने फरशी चाचपत हरवलेला स्क्रू शोधत राहिली. "पाटी तर आपल्याकडे आहे," ती म्हणाली. "मग त्यांना कळलं कसं?"

मलाही तेच कळत नव्हतं. मी इथे, उशाशी. मग फाटकावर आहे तरी कोण?

आईने माळ खाली ठेवली. "चल."

"कुठे?"

"मामांकडे."

"आई, तू? अगं, जिना..."

"मला वर आणलं तेव्हा जिना नव्हता होय? जा, खालच्या मजल्यावरच्या दोघा भावांना हाक मार. दिवसभर लोकांची कपाटं वाहतात, एक म्हातारी काय जड आहे? आणि त्या चपला काढ."

"तिथे जाऊन काय करणार आहेस तू? भांडणार?"

"भांडू कशाला? आधीच्या दोन्ही घरमालकांनी आपल्याला फोनवरच सांगितलं. यांना जे सांगायचंय ते यांनी माझ्या तोंडावर सांगावं. तेवढाच मान द्या म्हणावं."

दोघे भाऊ आले. आईला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. तिने एका हाताने मला मांडीवर धरलं होतं, दुसऱ्या हाताने थोरल्या भावाच्या सदऱ्याची कॉलर. वळणावर धाकटा म्हणाला, "आजी, पाटी तरी खाली ठेवा." तर ती म्हणाली, "तू गप वाहा." खाली उतरल्यावर मात्र तिने डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं. मग डोळे उघडून समोरून येणाऱ्या एका अनोळखी बाईकडे टक लावून बघितलं आणि हसली. ती बाई गोंधळली. चेहरा होता, मित्रांनो. समोरून दिसलेला चेहरा.

भावांनी आपल्या सामानाच्या टेम्पोतूनच आम्हाला नेलं. मामांच्या फाटकाशी निळी गाडी उभी होती. गाडीत एक तरुण बाई बसलेली, पाय सुजलेले, पोटावर हात. आत अंगणात एक तरुण माणूस कपबशी घेऊन उभा. चष्मेवालीने वाटेत फोन केल्यावरून दलालकाका आणि त्यांची लेकही आलेले. भावांनी आईची खुर्ची लिंबाखाली ठेवली. मामा दारातून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"या... या ताई," ते कसंबसं म्हणाले. "चहा?"

"चहा मागाहून, भाऊ," आई म्हणाली. "मी मागायला नाही आले. तुमचं घर, तुमची मर्जी. जास्त भाव मिळत असेल तर तोही तुमचा. पण नाही म्हणायचं असलं तर मला म्हणा, इथे, समोर. माझ्या लेकीने फोनवर फार ऐकलंय."

त्या तरुणाने कपबशी कठड्यावर ठेवली. "एक मिनिट. म्हणजे घर आधीच ठरलंय?"

"ठरलंय म्हणजे काय!" काका पुढे झाले. "ही बघा पाटी, यांच्या मांडीवर. इथे फाटकावर आहे का? नाही ना? मग?"

"मला पाटीचं काय माहीत? मी फोनवर बघून आलो. हे बघा, आजसुद्धा 'विकणे आहे' असंच दिसतंय." त्याने फोन पुढे धरला. सगळे त्यावर वाकले. तेच अंगण, तेच झाड, आणि वर ठसठशीत अक्षरं.

काकांच्या लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा! घर ठरल्याचं तुम्ही मला सांगितलंत का?"

"सांगायचं काय त्यात? पाटी गेली हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसलं ना! म्हणून तर किटलीखाली दुसरं फळकूट घेतलं!"

कुणालाच हसावंसं वाटलं नाही, पण थोरल्या भावाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. मला मात्र सगळं उमगलं. फाटकावरून मला उतरवलं, पण फोनमधली माझी बहीण तशीच टांगलेली होती, रात्रंदिवस, सगळ्या जगाच्या दारावर. मी उशाशी बसून राखण करतेय असं मानत होते. राखण कसली, मी एका माउलीचा रुमाल वाळवत होते.

तो तरुण मामांकडे वळला. त्याचा आवाज वाईट नव्हता, घाईचा होता. "काका, माझी बायको गाडीत आहे. तिचे दिवस भरत आलेत. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी अजून थोडा भाव वाढवतो. तुम्ही मला बघतो म्हणाला होतात."

पाहा देवाची करणी. ज्या माणसाच्या तोंडून जन्मात 'नाही' निघालं नाही, त्याच्या अंगणात आज दोन गरजवंत उभे होते. एकाला हो म्हणायचं तर दुसऱ्याला नाही म्हणणं भागच. मामा आईकडे बघत होते, नंतर तिच्या पायांकडे. चपला नव्या होत्या. पाय खुर्चीच्या आडव्या पट्टीवर टेकलेले, त्यामुळे चपलांचे तळ दिसत होते. एक कण मातीचा लागलेला नव्हता त्यांना.

मामांनी खिशातून फोन काढला, मुलीला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, ऐक. घर दिलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कुणाला म्हणजे? ज्यांना दिलं होतं, त्यांनाच." मग बराच वेळ ते ऐकत राहिले, मान डोलवत राहिले. "कमी मिळालं तर मिळालं, बाळ. मी कमी जेवेन. पण दिलेलं परत घेऊन तुझ्याकडे राहायला आलो, तर तुझ्या घरात मला झोप नाही लागायची."

मग त्यांनी त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, नाही. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमची खेप वाया घालवली. मला क्षमा करा."

तो तरुण घुटमळला. अजून बोलला असता, भाव अजून चढवला असता, कोण जाणे. पण त्यानेही आईच्या चपलांचे कोरे तळ पाहिले होते. तो वाकला, कठड्यावरची कपबशी उचलली, आत नेऊन मोरीत ठेवून आला. "बसा आजी, आरामात बसा," म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला. गाडीची काच खाली झाली. "काय झालं?" बायकोने विचारलं. "नाही गं. आधीच गेलंय ते." काच हळूहळू वर गेली. गाडी वळताना त्याने आमच्याकडे बघून हात केला.

त्याच अंगणात काकांच्या लेकीने फोनवरची जाहिरात सगळ्यांच्या देखत उतरवली. काका चष्मेवालीसमोर हात जोडायला गेले, तर तिने त्यांचे हात वरच्यावर धरले. "नको काका. चला, वकीलबाईंकडे जाऊ." त्याच दिवशी इसार म्हणून आगाऊ रक्कम दिली गेली आणि लिखापढी झाली. ठरलेल्या मुदतीपर्यंत मामा दुसऱ्या कुणाला घर दाखवणार नाहीत, दुसऱ्याशी भाव बोलणार नाहीत, आणि त्या मुदतीत चष्मेवालीने व्यवहार पुरा करायचा, असं स्वच्छ लिहिलं. वकीलबाई म्हणाल्या, "भल्या माणसांशी व्यवहार असला ना, तर कागद आधी करावा. म्हणजे त्यांचं भलेपण पणाला लागत नाही." मामांनी सही केली आणि इतका मोठा श्वास सोडला की सगळे बघायला लागले. "सुटलो," म्हणाले. "आता कुणी आलं तर कागदच नाही म्हणेल, मला म्हणायला नको."

पुढे रीतसर सगळं झालं. आई त्या घरात राहायला आली. चपलांना माती लागली. मामा मुलीकडे गेले. मी दुकानात परतले, आणि काका आता घेणाऱ्याला आधी वकिलाकडे धाडतात, लेकीकडून फोनवरची जाहिरात उतरवून घेतात, आणि मगच माझ्याकडे बोट दाखवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. राखण करायला तिघं असली की एकाची डुलकी चालते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी घर घ्याल किंवा विकाल. घेताना भिडेपोटी गप्प राहू नका, पैशाची तयारी आधी करा, ठरलं की लिहून घ्या, आणि पाटी सगळीकडून उतरली की नाही ते स्वतः बघा. विकताना मात्र एवढं ध्यानात ठेवा, की तुम्ही 'दिलं' म्हणालात त्या क्षणापासून कुणीतरी कुठेतरी तुमच्या अंगणात खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवत असतं. दारात दुसरा आला तर त्याला लगेच, प्रेमाने, नाही म्हणा. 'बघतो' म्हणून दोघांना टांगू नका. टांगून राहण्याचं दुःख माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

परवा चष्मेवाली दुकानात आली होती. सांगत होती, आई रोज सकाळी लिंबाखाली बसून जप करते. शेवटी सगळ्यांसाठी मागणं मागते. लेकीसाठी, मामांसाठी, त्या दोघा भावांसाठी. आणि मग थोडी थांबते. त्या तरुणाचं नाव कुणीच विचारलं नव्हतं. म्हणून नुसतं म्हणते, "आणि तो निळ्या गाडीवाला." दूधवाल्याला विचारते, वर्तमानपत्र टाकणाऱ्याला विचारते, "त्याला घर मिळालं का हो? बाळ झालं असेल ना एव्हाना?" कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

तेव्हा बाळांनो, तुमच्या शेजारी नवीन कुणी राहायला आलं असेल, नवरा, बायको आणि कडेवर तान्हं मूल, तर त्यांना हाक मारा, सामान वर न्यायला हात लावा. आणि तसं कुणी आलं नसेल, तर निदान देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याची आठवण असू द्या. जो आपली कपबशी मोरीत ठेवून, रिकाम्या हाताने, न भांडता निघून गेला, त्याची.